नववीतील मुलीची गणित ऑलिम्पियाडची तयारी

प्रश्न : माझ्या मुलीला शाळेच्या गणितात नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळतात, परंतु आयओक्यूएम या ऑलिम्पियाडच्या पहिल्या पात्रता परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतील ३० पैकी जेमतेम चार प्रश्न सुटल्याने ती हिरमुसली आहे. तिला क्लास लावावा काय?

उत्तर : ताई, पहिल्या खेपेस चार सुटले, हे कमी नव्हे. तेथे आकडेमोडीपेक्षा रचना ओळखण्याला महत्त्व असते. ७ च्या २०२६ व्या घाताचे शेवटचे दोन अंक विचारले, तर गुणाकार करत बसायचे नसते; ७ चा चौथा घात २४०१ असल्याने दर चार घातांनी शेवटी ०१ येते, आणि २०२६ ला ४ ने भागल्यास बाकी २ उरत असल्याने उत्तर ४९ येते. क्लास नंतर पाहू. अशी रचना तिला स्वतःला सापडू द्या.

दुसरे उत्तर : सहमत आहे, मात्र पुढच्या टप्प्यात, म्हणजे आरएमओत (प्रादेशिक गणित ऑलिम्पियाडमध्ये), सिद्धता लिहावी लागते. आमच्या चिरंजीवांनी सरावात ‘आकृतीवरून स्पष्ट दिसते’ असे लिहून भूमितीचे गुण घालवले होते!

प्रश्नकर्ती : आभारी आहे. कलनशास्त्रही (कॅल्क्युलस) शिकवावे लागेल काय?

उत्तर : नाही; संख्या सिद्धांत (पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास), बीजगणित, भूमिती आणि मोजणीचे गणित पुरे.