एमएमपी-३ १४८ आलाय, आईचे सांधे झिजले का? लवकर सांगा

चोपडेकर: आईचा रिपोर्ट आला. एमएमपी-३ १४८, पुढे ठळक 'हाय'. सूज दाखवणारा सीआरपीपण वाढलाय. गूगलवर वाचलं, हे कूर्चा खाणारं एन्झाइम. म्हणजे सांधे गेलेच ना? डॉक्टरांची वेळ पुढच्या शुक्रवारची, तोवर धीर निघत नाही.

तापीकाठ: वय? कुठले सांधे, कधीपासून? आमवाताच्या रक्ततपासण्या, आरए फॅक्टर नि अँटी-सीसीपी, कुठंय?

केळीबाग_रावेर: रिपोर्ट-बिपोर्ट सोडा. आमच्या मामींना सुंठीच्या काढ्यात एरंडेल दिलं, २१ दिवस. भरीत आणि उडदाची डाळ बंद.

चोपडेकर: हिवाळ्यात भरीत बंद? घरात भांडणं होतील. वय ४९. तीन महिने झाले, दोन्ही हातांची बोटं नि मनगटं सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही, कळण्याची भाकरी आता बहीण थापते. आरए फॅक्टर निगेटिव्ह, म्हणून ते लिहिलंच नाही. अँटी-सीसीपी ९६, नॉर्मल २० च्या आत.

तापीकाठ: हे आधी सांगायचं ना भो! मुख्य आकडा तोच. फॅक्टर निगेटिव्ह असला तरी आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) असू शकतो. तो ओळखायच्या २०१० च्या निकषांत १० पैकी ६ गुण लागतात. अँटी-सीसीपी तिपटीच्या वर, त्याचे ३. सहा आठवड्यांच्या वर दुखणं, १. सीआरपी, १. उरलेलं डॉक्टर सांधे दाबून मोजतील.

जुनाजाणता: चिकुनगुनिया झालेला का? २००६ ला आमचं अर्धं गाव वाकडं चालत होतं. युरिक ॲसिड केलं?

लॅबताई: काका, युरिक ॲसिड गाऊटसाठी. चिकुनगुनियाचं मात्र विचारायलाच हवं. एमएमपी-३ सांध्याच्या सुजलेल्या अस्तरातून येतं. झीज झाली का, ते एक्स-रे नि सोनोग्राफीत बघतात. बायकांची नॉर्मल मर्यादा पुरुषांपेक्षा कमी असते, रिपोर्टवर कुठली छापलीय तेही बघा. किडनी बिघडली किंवा स्टेरॉइड चालू असलं तरी हा आकडा चढतो. गोळ्या कुठल्या चालू आहेत?

चोपडेकर: चिकुनगुनिया नाही. गोळ्याही नाहीत, फक्त मेडिकलवाल्याने दिलेल्या ताकदीच्या. घेतल्या की दुपारपर्यंत बरं वाटतं.

लॅबताई: ताकदीच्या गोळीने दुपारपर्यंत मूठ वळते होय? पाकीट बघा.

चोपडेकर: कागदाच्या पुडीत सुट्या कापून दिल्यात. एका तुकड्यावर 'प्रेडनि' एवढंच वाचता येतंय, पुढचं कापलं गेलंय.

लॅबताई: स्टेरॉइडच. मनाने एकदम बंद करू नका. शुक्रवारची वाट न बघता उद्याच फोन करून वेळ अलीकडे घ्या, पुडी सोबत न्या.

केळीबाग_रावेर: एरंडेलात असलं काही नसतं.