विदेशी सिगारेटचं पाकीट, चित्र नाही: दुकानात ठेवू का?

रामबागचा दुकानदार: काल एकजण स्कूटीवरून आला आणि काउंटरवर दहा काळी पाकिटं मांडली. लवंगेचा वास, सोनेरी अक्षरं, पण ना इशाऱ्याचं चित्र, ना किंमत. म्हणे, "काका, इंदूरच्या सियागंज बाजारात सगळेच ठेवतात." नफा दुप्पट. बायको म्हणते, फुकटची झंझट. तुम्ही काय सांगाल?

सियागंजवाला: सगळे ठेवत नाहीत हो! पाकीट उलटं करून बघा. 2003 च्या तंबाखू कायद्यात परदेशी मालालाही सूट नाही. चित्रासह इशारा दोन्ही मुख्य बाजूंच्या 85 टक्के भागावर हवा. शिवाय आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी. हे नसेल तर माल बहुतेक चोरट्या वाटेनं आलेला. आणि सापडलात तर विकणाराही अडकतो: पहिल्यांदा 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये ऐकून हसू नका, कस्टमवाले माल उचलतात ते वेगळंच.

मावशी५६: माझा भाचा दुबईहून येताना सिगारेटी आणतो. मग ते कसं चालतं?

सियागंजवाला: मावशी, ती स्वतःसाठी, तीही मोजून 100. दुकानात मांडायला नव्हे. आणि त्याला सांगा, वेप आणू नकोस. 2019 पासून ई-सिगारेट आणणं-विकणं सगळंच बंद आहे.

रामबागचा दुकानदार: आत्ताच पुन्हा आला होता. बिल मागितलं, तर म्हणे "बिल कशाला, काका?" पाकिटं परत पिशवीत घातली त्याच्या. बायकोला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर आठवडाभर ऐकवेल.