‘ऑगमेंटेशन प्लॅन’ला पुनर्भरण योजना म्हणता येईल का?

तळटीप:
कोलोराडोतल्या साउथ प्लॅट नदीकाठच्या खाणींवरचा मजकूर मराठीत आणते आहे. खाणीने भूजल उघडे पाडले की खाणवाल्याला ‘ऑगमेंटेशन प्लॅन’ करावा लागतो. ‘पुनर्भरण योजना’ चालेल का? आणि ‘ग्रॅव्हल’ला खडी म्हणू?

पाटकरी:
खडी म्हणजे क्रशरवर फोडलेली. नदीकाठचे गोल ते गोटे, बारीक ती रेव. ‘वाळू-गोट्याची खाण’ म्हणा.

पुनर्भरण मात्र नको. आपल्याकडे विहीर पुनर्भरण म्हणजे पावसाचे पाणी गाळून जमिनीत उतरवणे. इथे मूळ देणे नदीचे आहे. रेवेच्या थरातून नदीकडे सरकणारे पाणी खाणीत उघडे पडते, उन्हावाऱ्याने उडते, आणि खालच्या अंगाच्या जुन्या हक्कदाराला तेवढे कमी पोचते. ती तूट नदीत भरून द्यायची. म्हणून ‘घट-भरपाई योजना’. नुसते ‘भरपाई’ लिहिलेत तर वाचणारा पैशांवर जाईल, आणि इथे पैसे चालत नाहीत, पाणीच द्यावे लागते. या योजनेवर कोर्टाचा निवाडा होईपर्यंत राज्य अभियंता तात्पुरती मंजुरी देतो, ती ‘पर्यायी पाणीपुरवठा योजना’. या दोन्हींची गल्लत करू नका.

घनफूट:
‘घट’ला अनुमोदन. ती मोजतात कशी हे कळले की शब्द आपोआप बसतो. समजा 10 एकर पाणी उघडे आहे आणि वर्षाचे बाष्पीभवन 45 इंच. पाऊस 14 इंच धरला तर त्याचा 70 टक्के, म्हणजे 9.8 इंच, वजा होतो. उरले 35.2 इंच. 10 एकरांवर साधारण 29 एकर-फूट. एक एकर-फूट म्हणजे 1,233 घनमीटर, तेव्हा साडेतीन कोटी लिटरच्या वर. समुद्रसपाटीपासून 6,500 फुटांपेक्षा कमी उंचीच्या भागात वर्षाच्या बाष्पीभवनातले 15 टक्के एकट्या जुलैत धरतात, जानेवारीत 3 टक्के.

शिवाय मालाबरोबर जाणारे पाणी. पाण्याखालून काढून धुतलेल्या मालात वजनाच्या 4 टक्के धरतात. 1 लाख मेट्रिक टनांमागे 4,000 घनमीटर. धूळ बसवायला मारलेले पाणी वेगळे.

तळटीप:
मूळ मजकुरात खाणीला ‘वेल परमिट’ घ्यावे लागते असे आहे. छपाईची चूक?

पाटकरी:
चूक नाही, ‘विहीर परवाना’च लिहा. 1988 मध्ये थ्री बेल्स रँच खटल्यात कोलोराडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने भूजलाला लागलेल्या खाणीला विहीर ठरवले, 1989 मध्ये कायद्यात त्याची तरतूद झाली. 31 डिसेंबर 1980पर्यंत उघडे पडलेल्या पाण्याला बाष्पीभवनाच्या भरपाईतून सूट आहे, म्हणून जुन्या खाणींचे हवाई फोटो लोक जपून ठेवतात.

‘प्रायॉरिटी’ला ‘पाळी’ मात्र लिहू नका. पाळी फिरते. तिथे ज्याचा हक्क आधीचा त्याचे पाणी आधी, तारखेनुसार. ‘अग्रक्रम’ बरा.

घनफूट:
‘लॅग्ड डिप्लीशन’ पण येईल. ‘उशिराची घट’ सुचवतो. जुलैत उडालेल्या पाण्याचा फटका नदीला लगेच बसत नाही. खाण किती लांब आणि रेवेतून पाणी किती वेगाने सरकते यावर तो आठवडे-महिने पसरतो. बहुतेक घोटाळे इथेच होतात. भरपाईसाठी पाट चालवणाऱ्या कंपनीचे शेअर, म्हणजे तिच्या पाण्यातला वाटा, घेतले तर पाणी सिंचनाच्या हंगामात मिळते, घट मात्र डिसेंबरातही चालू. मग साठवण तलाव तरी हवा, नाहीतर पालिकेचे पुनर्वापराचे पाणी भाड्याने. शेअरचे सगळे पाणीही जमेस धरत नाहीत. पूर्वी पिकाने खरोखर पिऊन टाकलेले तेवढेच, आणि ती जमीन कोरडी ठेवावी लागते. पाणी सोडायचे ते मागणी करणाऱ्या हक्कदाराच्या वरच्या अंगाला. खाली सोडले तर जमाखर्चात दिसते, त्याच्या पाटात नाही.

दुसरी खोच: पंप चालू असताना खाण कोरडी असते. पंप बंद केल्यावर खाण भरते, आणि ते भरणेसुद्धा घटच. खाणकाम संपले म्हणून योजना बंद करता येत नाही, तळे आहे तोवर देणे आहे.

तळटीप:
मग ‘लाइन्ड पिट’ म्हणजे यातून सुटका?

पाटकरी:
बाष्पीभवनापुरती, हो. भोवती बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) मिसळलेल्या मातीची भिंत खालच्या खडकात रुतवतात, म्हणजे भूजल आत येत नाही. भिंत खडकाला नीट भिडली नाही तर गळती-चाचणीत नापास. आणि नीट भिडली तर वरच्या अंगाला पाणी तुंबून शेजाऱ्याच्या तळघरात निघू शकते, म्हणून बाहेरून चर काढून वाट देतात. ‘अस्तरित खाण’ नको, कालव्याच्या अस्तरीकरणाशी गोंधळ होईल. ‘गळबंद खाण’ लिहा.

घनफूट:
‘गळबंद’ला मत. ‘एकर-फूट’ तसेच ठेवा, भाषांतर करू नका.