कर तर सगळ्यांवर होता, मग १७७६ ला तेराच वसाहती का फुटल्या?

बाळीवेस:
नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासिकेत शनिवारी गटचर्चा आहे. विषय आहे दूरच्या साम्राज्यातून वसाहती का फुटतात. ज्या नोट्स मिळाल्या त्यात एकच साचा आहे: जाचक कर, संसदेत प्रतिनिधी नाही, म्हणून बंड. पण ब्रिटिश संसदेचा १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट (कागदपत्रांवरचा मुद्रांक कर) जमैका, बार्बाडोस, क्यूबेक, नोव्हा स्कोशियालाही लागू होता, आणि संसदेत त्यांचंही कुणी नव्हतं. मग ब्रिटनपासून बाहेर पडल्या त्या अमेरिकेतल्या तेराच का? हेच उत्तर भारताला कितपत लागू होतं? सोलापूरचं एखादं उदाहरण बसवता आलं तर फार बरं.

जुनीमिल:
मालक, नुसता कराचा बोजा बघितला तर बंडाचं कारण सापडतच नाही. इंग्लंडातला माणूस अमेरिकेतल्यापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. १७७३ च्या टी ॲक्टने तर ईस्ट इंडिया कंपनीचा चहा तिकडे स्वस्त केला. तरी १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनमध्ये ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. कारण पौंडामागे ३ पेन्सचा कर तसाच ठेवला होता. तो मुकाट्याने भरला की कर लावायचा संसदेचा हक्क मान्य झाला. शिवाय कंपनी ठरावीक अडत्यांमार्फतच माल विकणार होती. म्हणजे बाकीचे व्यापारी आणि चोरून डच चहा आणणारे, दोघांचाही धंदा बसला.

साखळी हवी असेल तर १७६३ पासून धरा. ब्रिटन-फ्रान्समधलं सप्तवार्षिक युद्ध संपलं आणि कॅनडातून फ्रेंच सत्ता गेली. तोवर या वसाहतींना ब्रिटिश फौजेची गरज होती, कारण उत्तरेला फ्रेंच बसले होते. तो धाक गेला, आणि लंडनला वसुलीची आठवण झाली ती नेमकी तेव्हाच. युद्धाआधी साधारण साडेसात कोटी पौंड असलेलं सरकारी कर्ज १३ कोटींच्या आसपास पोचलं होतं. वर अमेरिकेत १०,००० सैनिक कायम ठेवायचे ठरले. इकडे व्हर्जिनियाची विधानसभा १६१९ ची. आपले कर आपण ठरवायची सवय तिथे चार पिढ्यांची झालेली.

स्टॅम्प ॲक्टची कलमं एकदा बघाच. वर्तमानपत्र, खरेदीखत, परवाना, कोर्टाचा कागद, सगळ्यावर मुद्रांक. पत्त्यांच्या जोडावर १ शिलिंग, फाशांवर १० शिलिंग. हे सगळं भरायचं स्टर्लिंगमध्ये, आणि १७६४ च्या करन्सी ॲक्टने वसाहतींच्या कागदी चलनाची आधीच कोंडी केलेली. आता यात भरडले कोण गेले? छापखानेवाले, वकील, व्यापारी. ज्यांना लिहिता येतं, बोलता येतं, माणसं जमवता येतात, नेमके तेच. इतका अविचारी कर इतिहासात कमीच सापडेल.

आता जमैका. तिथे बहुसंख्य लोक आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते आणि १७६० मध्ये टॅकी नावाच्या गुलामाच्या पुढारपणाखाली गुलामांचं बंड होऊन गेलं होतं. मळेवाल्यांना लंडनपेक्षा आपल्याच मळ्यातल्या माणसांची भीती जास्त, म्हणून त्यांना ब्रिटिश पलटण हवी होती. त्यांची साखर खपायची तीही ब्रिटनच्या राखीव बाजारात. १७७४ च्या डिसेंबरात जमैकाच्या विधानसभेने अमेरिकनांच्या बाजूने राजाकडे अर्ज केला, पण त्याच अर्जात आपण दोन लाखांहून जास्त गुलामांमुळे दुबळे आहोत, हातात शस्त्र घेऊ शकत नाही, असंही सांगितलं. म्हणजे तक्रार तीच होती, फक्त हिंमत करण्यासारखी स्थिती नव्हती.

कॅनडातल्या क्यूबेकला १७७४ च्या कायद्याने कॅथलिक धर्म आणि फ्रेंच दिवाणी कायदा राखून दिला. तिथले पाद्री आणि जमीनदार गप्प बसले. ३१ डिसेंबर १७७५ ला अमेरिकनांनी क्यूबेक शहरावर हल्ला केला तो फसला.

स्पॅनिश अमेरिकेतही हेच दिसतं. १७८०-८१ मध्ये दुसऱ्या तुपाक अमारूच्या पुढारपणाखाली मूळ रहिवाशांचं बंड झालं आणि पेरूतले गोरे जमीनदार असे हबकले की शेवटपर्यंत माद्रिदला चिकटून राहिले. तिथे स्वातंत्र्य बाहेरून आलेल्या फौजांनी आणलं, १८२४ च्या आयाकुचोच्या लढाईत. क्युबा तर १८९८ पर्यंत स्पेनकडे राहिला.

सातरस्ता:
स्थानिक वरच्या वर्गाला कुणाची भीती जास्त, हे जुनीमिल यांचं गणित बऱ्याच ठिकाणी बसतं, पण हैतीत, म्हणजे फ्रान्सच्या कॅरिबियन वसाहतीत, ते उलटं पडतं. १७९१ ला तिथे गुलामच उठले आणि १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य जाहीर झालं. मळेवाले फ्रान्सच्याच बाजूला होते, काही तर ब्रिटिशांना बोलावत होते. पुढे १८२५ ला फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, १८३८ ला ते ९ कोटींवर आले. हे उदाहरण चर्चेत घ्याच, नाहीतर वसाहती फक्त श्रीमंतच फोडतात असा अर्थ निघेल.

दुसरं, अंतराचं. बातमी पोचायला लागणारा वेळ हा खरा घोळ. अमेरिकन युद्धाची सुरुवात झाली ती लेक्सिंग्टनची चकमक १९ एप्रिल १७७५ ची. अमेरिकनांनी हलकं गलबत धाडलं, ते बातमी घेऊन २८ मेला लंडनमध्ये. अमेरिकेतला ब्रिटिश सेनापती जनरल गेजचा सरकारी अहवाल त्याच्या आधी निघाला होता, तरी साधारण दोन आठवडे मागाहून पोचला. तोवर मंत्र्यांपुढे फक्त शत्रूची बाजू! लंडनचा हुकूम निघायचा तो अशा जुन्या माहितीवर आणि पोचायचा आणखी दीड-दोन महिन्यांनी. पण सगळा भार अंतरावर टाकू नका. मुंबई-लंडन समुद्री तार १८७० पासून होती, तरी भारत गेलाच.

बाळीवेस:
दोघांचेही आभार. सोलापूरचं कसं बसवू? १९३० च्या मार्शल लॉपलीकडे मला काही सुचत नाहीये.

जुनीमिल:
त्याच्या आधी १८९६ घ्या. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या दबावाखाली सरकारने आयात कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि बरोबरी म्हणून इथल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी लावली. आपल्या जुन्या मिलमध्ये विणलेल्या कापडावरसुद्धा. हा कर १९२६ ला रद्द झाला. आयात जकात १९१७ ला साडेसातवर गेली तेव्हा लँकेशायरने आरडाओरडा केला, ते जमलं तर जोडा. हातमागावर हा कर नव्हता, एवढं सांभाळा. पूर्व भागातल्या विणकरांवरही तो होता असं कुणी बोलून गेलं तर तिथेच पकडतील.

मग १९३०. गांधीजींना ५ मेला अटक झाली. ८ मेला शिंदीची झाडं तोडणाऱ्या जमावाशी पोलिसांची गाठ पडली, गोळीबार झाला, पोलीस चौकी आणि कोर्ट जाळलं गेलं. पोलीस शहरातून निघून गेले, काही दिवस रहदारीसुद्धा स्वयंसेवक सांभाळत होते. १२ मेला मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिली. चौकातले पुतळे सगळ्यांना माहीत आहेत, पण तुमच्या विषयाला कामाचं ते हे की शहर हातातून गेलं तरी लष्कर सरकारचं ऐकत होतं. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर नौसैनिकांनी संप केला तेव्हा ती खात्रीच हलली. त्यात महायुद्धाअखेर ब्रिटनच भारताचं १०० कोटी पौंडांहून जास्त देणं लागत होता. ज्याच्याकडून घ्यायचं त्याचाच ऋणको झाल्यावर राज्य टिकवायचं कशासाठी, हा प्रश्न लंडनमध्येच उभा राहिला.

बाळीवेस:
झकास. एक शेवटचं. कॅनडा १८६७ ला स्वतंत्र झाला असं लिहू का?

सातरस्ता:
नको. १ जुलै १८६७ ला डोमिनियन झाला, घरचा कारभार त्यांचा. परराष्ट्र धोरण लंडनकडेच, म्हणून १९१४ ला ब्रिटन युद्धात उतरला तसा कॅनडाही आपोआप उतरला. १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने ते सुटलं, १९३९ ला त्यांनी स्वतःहून आठवड्याभराने युद्ध जाहीर केलं. घटना बदलायची तर १९८२ पर्यंत ब्रिटिश संसदेतच जावं लागायचं.