मुलींच्या बास्केटबॉलची फायनल: एकच सामना की तीन?

प्रेषक: क्रीडा समिती
प्रति: मंडळ-सर्व

नमस्कार मंडळी,

आपल्या न्यू जर्सीच्या मंडळाचे साखळी सामने आटोपले. एडिसन आणि प्रिन्स्टनच्या मुली फायनलला आल्या आहेत. शाळेचं जिम शनिवारी दुपारी आपल्याकडे आहे. प्रश्न असा की नेहमीच्या लांबीचा एकच सामना खेळवायचा, की छोटे-छोटे तीन ठेवून दोन जिंकेल त्याला चषक द्यायचा? तीन ठेवले तर जिम तासभर जास्त घ्यावं लागेल आणि त्याचं भाडं मंडळाच्या खात्यातून जाईल. गुरुवारपर्यंत मतं कळवा. कृपया विषयाला धरून लिहा, मागच्या वेळी बटाटेवड्यांवरून काय झालं ते आठवतंय ना!

---

प्रेषक: नाना
प्रति: मंडळ-सर्व

एकच सामना. यात विचारायचं काय?

फायनल म्हणजे फायनल. 1983 साली लॉर्ड्सवर तीनपैकी दोन असतं तर कप आपल्याकडे आला असता का? त्याच वर्षी विंडीज भारतात आले आणि एकदिवसीय मालिका 5-0 अशी धुऊन गेले. चांगला संघ कोणता हे ठरवायला वर्षभराचे सामने असतात. फायनल त्या दिवशी कोण चांगलं खेळलं एवढंच विचारते, आणि तेवढंच विचारावं. शिवाय भाडं वाचेल.

---

प्रेषक: माई
प्रति: मंडळ-सर्व

नाना, 83 सालाला माझा नमस्कार. पण मुली बास्केटबॉल खेळणार आहेत, तर दाखलाही बास्केटबॉलचाच घेऊ. अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक लीगने, म्हणजे डब्ल्यूएनबीएने, हा प्रश्न तुमच्या-आमच्या आधी सोडवायचा प्रयत्न केलाय, आणि अजून तो सुटलेला नाही.

डब्ल्यूएनबीए 1997 साली सुरू झाली तेव्हा आठच संघ होते, आणि प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्या, अगदी नाना म्हणतात तसे: उपांत्य फेरीत एकेक सामना आणि फायनलही एकच. 30 ऑगस्टला ह्यूस्टनमध्ये तिथल्या कॉमेट्स संघाने न्यूयॉर्क लिबर्टीला 65-51 हरवलं आणि विषय संपला. आम्ही तेव्हा ह्यूस्टनला राहायचो. एवढी गर्दी बायकांच्या खेळाला मी तोवर पाहिली नव्हती, पण घरी येताना वाटलं की सुरू झालं म्हणेपर्यंत आटोपलंसुद्धा.

पुढच्याच वर्षी त्यांनी तीनपैकी दोन केलं. आता गंमत बघा. 1998 मध्ये कॉमेट्स 30 पैकी 27 सामने जिंकून आल्या होत्या. सिंथिया कूपर, शेरिल स्वूप्स, टीना थॉम्प्सन अशा तिघी एका संघात, म्हणजे समोरच्याने मैदानात तरी का उतरावं? फायनलचा पहिला सामना फिनिक्सला होता. तो त्या 54-51 हरल्या! नानांच्या नियमाने त्या वर्षीचा चषक फिनिक्सचा. दुसऱ्या सामन्यात कॉमेट्स उत्तरार्धात 12 गुणांनी मागे पडल्या होत्या. तो ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरच्या जादा वेळात) 74-69 असा ओढून आणला, आणि तिसरा 80-71. लोक आज कॉमेट्सची 1997 ते 2000 अशी सलग चार विजेतेपदं सांगतात, चारही वेळा फायनलची सर्वोत्तम खेळाडू कूपरच. त्या चारातलं दुसरं निव्वळ या तीन सामन्यांच्या नियमावर उभं आहे.

आणि 1999. संघाची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी, किम पेरो, पाच फूट पाच इंच उंचीची, पण मैदानावर सगळ्यांना हाकणारी. तिला फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि 19 ऑगस्टला ती गेली. दोन आठवड्यांनी फायनल सुरू झाली, समोर पुन्हा लिबर्टी. पहिला सामना कॉमेट्सनी न्यूयॉर्कला जाऊन जिंकला. दुसरा ह्यूस्टनला. पूर्वार्धात कॉमेट्स 18 गुणांनी पुढे होत्या, ती आघाडी हळूहळू विरघळली, तरी शेवटी थॉम्प्सनने टोपली केली आणि दोन गुणांची आघाडी झाली. घड्याळात 2.4 सेकंद. वरून कागदाचे रंगीत कपटे पडायला लागलेसुद्धा. तेवढ्यात लिबर्टीच्या टेरेसा वेदरस्पूनने चेंडू घेतला, दोन पावलं टाकली आणि मध्यरेषेच्या अलीकडूनच भिरकावला. आत! 68-67.

दुसऱ्या दिवशी तिसरा सामना झाला, तो कॉमेट्सनी 59-47 घेतला, चषक पेरोच्या नावाने उचलला. म्हणजे वेदरस्पूनच्या त्या फेकीने निकाल काही बदलला नाही. पण लीगच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या फेकींत आजही ती आहे, आणि ती हरलेल्या संघाची आहे. एकच सामना ठेवला असता तर ती घडलीच नसती.

माझं मत तीन.

ता.क. त्या काळी कमी मानांकनाच्या संघाकडे पहिला सामना आणि मग उरलेले दोन वरच्या संघाच्या घरी, अशी रचना होती. विमानाचा एकच फेरा. मुली साध्या प्रवासी विमानाने जायच्या. हंगामभर सगळ्या संघांना चार्टर विमानं 2024 मध्ये मिळाली. तेव्हा भाड्याची चिंता त्यांनाही होती, नाना.

---

प्रेषक: सोनू
प्रति: मंडळ-सर्व

माई, काय लिहिलंय तुम्ही! मी लिबर्टीची फॅन असल्यामुळे वाचताना त्रास झाला, पण तरी.

मी बसून हिशोब केला. 1998 ते 2025 या काळात फायनलच्या 28 मालिका झाल्या. 2004 पर्यंत तीनपैकी दोन, 2005 पासून पाचपैकी तीन, आणि 2025 ला पहिल्यांदा सातपैकी चार. यात पहिला सामना हरून शेवटी विजेता ठरलेले संघ: 1998 ह्यूस्टन, 2003 डेट्रॉइट, 2004 सिॲटल, 2006 पुन्हा डेट्रॉइट, 2007 फिनिक्स, 2015 आणि 2017 मिनेसोटा, 2024 न्यूयॉर्क. आठ! म्हणजे नानांच्या नियमाने आठ चषक दुसऱ्याच कपाटात गेले असते.

त्यातलं 2003 चं तर ऐकाच. डेट्रॉइट शॉक आदल्या वर्षी 32 पैकी फक्त 9 सामने जिंकून तळाला होती. बिल लॅंबीरने संघ हातात घेतला, आणि वर्षभरात फायनल. समोर लिसा लेस्लीची लॉस एंजेलिस स्पार्क्स, लागोपाठ दोन वर्षांची विजेती. पहिला सामना डेट्रॉइट 12 गुणांनी हरली. दुसरा 62-61 जिंकली, आणि तिसऱ्याला ऑबर्न हिल्सच्या पॅलेसमध्ये 22,076 प्रेक्षक आले. तोही जिंकला. तिसरा सामनाच नसता तर ते 22 हजार लोक त्या दिवशी घरी बसले असते.

आणि लिबर्टी... 1997, 1999, 2000, 2002, 2023. पाच फायनल, पाचही हरलो. मॅडिसन स्क्वेअर गार्डन या लिबर्टीच्या घरच्या मैदानाची डागडुजी चालली होती तेव्हा संघ तीन हंगाम आपल्या न्यूअर्कला खेळायचा, बाबा मला घेऊन जायचे, तेव्हापासूनचं हे दुखणं आहे. 2024 ला पहिल्या सामन्यात आम्ही मिनेसोटाविरुद्ध 18 गुणांनी पुढे होतो आणि ओव्हरटाइममध्ये 95-93 हरलो. एकच सामना असता तर सहावी फायनल हरून मी बास्केटबॉल बघणंच सोडलं असतं. तिसऱ्या सामन्यात सब्रिना आयोनेस्कूने मिनियापोलिसला जाऊन कुठून तरी लांबून तीन गुण मारले, आणि पाचव्यात ओव्हरटाइमला आम्ही 67-62. शेवटी!

तीन. तीन. तीन.

---

प्रेषक: नाना
प्रति: मंडळ-सर्व

सोनू, हिशोब छान केलास. आता मी तुझ्याच आकड्यांवर बोलतो. 28 पैकी 8 वेळा निकाल बदलला, म्हणजे 20 वेळा पहिला सामना जिंकला त्यानेच चषक नेला. चारातल्या जवळजवळ तीन वेळा आपण तासाभराचं भाडं भरून तेच उत्तर विकत घेणार. कोषाध्यक्षांनी याची नोंद घ्यावी.

माईंची गोष्ट मात्र दोनदा वाचली. ती फेक सापडली तर दुवा पाठवा.

---

प्रेषक: अण्णा
प्रति: मंडळ-सर्व

इतके दिवस गप्प होतो, पण 2024 चं नाव निघालं म्हणून लिहितो. जर्सीला येण्याआधी आम्ही बरीच वर्षं मिनियापोलिसला काढली आहेत, आणि मी अजून मिनेसोटाच्या लिंक्स संघाचाच आहे. सोनूने 'शेवटी!' म्हणून जो आनंद केला, त्यातला मधला भाग तिने गाळला. पाचव्या सामन्यात 5.2 सेकंद उरलेले, लिंक्स दोन गुणांनी पुढे. लिबर्टीच्या ब्रिअॅना स्टुअर्टची टोपली चुकली आणि आमच्या अलाना स्मिथविरुद्ध फाउल दिला. आमची प्रशिक्षक शेरिल रीव्हने दाद मागितली, पंचांनी पडद्यावर पाहून निर्णय कायम ठेवला. स्टुअर्टने फाउलपोटी मिळालेले दोन्ही फ्री थ्रो घातले, 60-60, आणि पुढचं सोनूने सांगितलंच आहे. विजेतेपद चोरलं गेलं असं रीव्ह त्या रात्री उघड म्हणाली, आणि आमच्या घरात त्यावर दुमत नाही.

2016 तर त्याहून वाईट. पाचवा सामना, घरच्या मैदानावर, सव्वा मिनिट उरलं असताना लॉस एंजेलिसच्या नेका ओगुमिकेची टोपली गुणांत धरली गेली. शॉट क्लॉक, म्हणजे फेकीसाठी ठरलेली वेळ, संपल्यावर चेंडू हातातून सुटला होता. ती टोपली धरायला नको होती हे लीगने दुसऱ्या दिवशी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी! तोवर त्याच ओगुमिकेने 3.1 सेकंद असताना उसळलेला चेंडू पुन्हा आत घातला होता आणि स्पार्क्स 77-76 ने विजेत्या होत्या.

सांगायचं एवढंच की पाच खेळवा नाहीतर सात, दोन संघ तोडीस तोड असले की सगळं पुन्हा एका शिट्टीवर येऊन थांबतं. मालिका लांबवल्याने न्याय मिळतो हा भ्रम आहे.

तरीही मी नानांच्या बाजूचा नाही. कारण एकेका सामन्याचा प्रयोगही लीगने पुन्हा करून पाहिलाय. 2016 ते 2021 पहिल्या दोन फेऱ्या एकेका सामन्याच्या होत्या. इंडियानाची तमिका कॅचिंग्ज 2016 ला निवृत्त होणार होती. इंडियानाला त्यांचं एकमेव विजेतेपद तिनेच 2012 मध्ये मिळवून दिलं होतं, तेही आमच्या लिंक्सना हरवून, तरी तिच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मिनेसोटातही सापडणार नाही. तिची सगळी कारकीर्द घरच्या मैदानावर फिनिक्सविरुद्धच्या एकाच सामन्यात संपली. संघ हरला, आणि ती गेली घरी. इतक्या मोठ्या खेळाडूला निदान दुसरा सामना तरी मिळायला हवा होता.

---

प्रेषक: सोनू
प्रति: मंडळ-सर्व

अण्णा, फाउल होता. 🙂

पण त्याच एकेका सामन्याच्या काळात 2019 ला लास वेगासच्या डेरिका हॅम्बीने काय केलं ते नानांना सांगायला हवं. शिकागो पुढे, काही सेकंद उरलेले. हॅम्बीने मध्येच पास पकडला, वेळ संपलीच असं समजून लांबूनच चेंडू फेकला. खरं तर पुढे पळत जाण्याइतका वेळ होता! गेला आत, 93-92, शिकागोचा हंगाम खलास. आणि त्याच शिकागोने 2021 ला 16 विजय आणि 16 पराभव असं साखळीत संपवून, सहाव्या मानांकनावरून, एकेका सामन्याच्या दोन फेऱ्या पार करत थेट चषक नेला. हे लिहिताना मला कळतंय की मी नानांची बाजू भक्कम करते आहे.

---

प्रेषक: नाना
प्रति: मंडळ-सर्व

करतेच आहेस. चालू दे.

---

प्रेषक: माई
प्रति: मंडळ-सर्व

अण्णांचं म्हणणं पटतं: न्याय वगैरे काही मिळत नाही. 2025 ला लीगने फायनल सात सामन्यांची केली, आणि लास वेगासने फिनिक्सला 4-0 असं चारातच गुंडाळलं. त्यातला तिसरा सामना एजा विल्सनने 0.3 सेकंद ठेवून जिंकून दिला, 90-88, म्हणून जरा तरी धडधड झाली. आणि अटलांटा बघा. 2010, 2011, 2013 अशा तीन फायनल गाठल्या, तिन्ही वेळा 3-0 असा पराभव. फायनलमध्ये त्यांनी एकही सामना जिंकलेला नाही. लांब मालिका दुबळ्याला वाचवत नाही, उलट जास्त वेळ उन्हात उभं करते.

पण मी तीन म्हणते ते न्यायासाठी नाही. पहिला सामना हरल्यावर रात्री किंवा मधल्या वेळात संघ जे बोलतो ना, कुणाला कुणी अडवायचं, कोण दमलंय, समोरची कुठल्या हाताने जाते, ते बोलणं एका सामन्यात होतच नाही. याच वेगासला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिनेसोटाने 53 गुणांनी हरवलं होतं, 111-58. त्यानंतर त्यांनी साखळीतले उरलेले सगळे, सोळाच्या सोळा सामने जिंकले. आपल्या मुली बारा-तेरा वर्षांच्या आहेत. हरल्यावर पंधरा मिनिटांत पुन्हा उभं राहायचं असतं हे त्यांना दुसरीकडे कुठे खेळायला मिळणार? एडिसनची जी डावखुरी मुलगी आहे, तिला प्रिन्स्टनवाल्या पहिल्या सामन्यात अडवू शकणार नाहीत. दुसऱ्यात काय करतात ते मला बघायचंय.

भाड्यातला निम्मा वाटा मी देते. नाना, विषय संपवा.

---

प्रेषक: नाना
प्रति: मंडळ-सर्व

निम्मा कशाला, चौथाई द्या, चौथाई मी देतो. पण तिसरा सामना गरज पडली तरच. दोन्ही एकाच संघाने जिंकले तर 'मैत्रीपूर्ण' म्हणून उगाच तिसरा खेळवायचा नाही.

---

प्रेषक: क्रीडा समिती
प्रति: मंडळ-सर्व

मंडळी, धन्यवाद. तीनपैकी दोन ठरलं. प्रत्येक सामना आठ-आठ मिनिटांच्या दोन डावांचा, दोन सामन्यांच्या मध्ये पंधरा मिनिटं विश्रांती, तिसरा गरज पडली तरच. बरोबरी झाली तर तीन मिनिटांचा ओव्हरटाइम. पंचांचा निर्णय अंतिम; मोबाइलवरचं चित्रण दाखवून दाद मागता येणार नाही (अण्णा, हे मुद्दाम लिहिलं आहे).

टेबलावर गुण लिहायला आणि घड्याळ बघायला दोन माणसं हवी आहेत. घड्याळावर लिबर्टी किंवा लिंक्सच्या समर्थकांना बसवू नये अशी सूचना आली आहे. नाना, तुम्ही मोकळे आहात का?