जोडीदार मेडिकलला असताना घर कसं चालवलंत? अनुभव लिहा

शेजारच्या मुलीला लग्नानंतर एमडीला सीट लागली, तिचा नवरा काल विचारत होता काकू तुम्ही कसं निभावलंत, आणि सगळं आठवलं. आमचे हे जेआर वनला, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाला निवासी डॉक्टर, मुलगी दीड वर्षाची, मी झेडपीच्या शाळेत. स्टायपेंड मिळतो हो, पण तो वेळेवर येईल असं धरून चालायचं नाही. भाडं, दूध, सासऱ्यांची बीपीची गोळी सगळं माझ्या पगारात, किराण्याची उधारी पगार झाला की आधी मिटवायची. आणि सलग ड्युटीनंतर डबा तसाच परत यायचा, उघडला की वरण आंबलेलं. त्या डब्याचं मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटायचं.

---

आमच्याकडे बायको एमएस गायनॅक आणि मी नोकरी + पोरगा. नातेवाईक म्हणायचे बायकोला शिकवतोयस, उद्या विचारेल का तुला. अजून राग येतो. घर दोघांचं आहे, आज मी ओढलं उद्या ती ओढेल.

---

ताई वरण नका देऊ, दशम्या द्या, दुधात पीठ भिजवून केलेल्या. शेंगदाणा चटणी सोबत. दुसऱ्या दिवशीपण चालतात

---

+१ दशमी. प्रमाण टाका ना कोणीतरी

---

लोनवाल्यांसाठी, नवरा किंवा बायकोच्या शिक्षणासाठी तुम्ही स्वतःच्या नावावर एज्युकेशन लोन घेतलं असेल तर इन्कम टॅक्समध्ये (जुन्या कायद्याचं कलम ८०ई) व्याजावर सूट मिळते, ८ वर्षांपर्यंत, मुद्दलावर नाही आणि फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये. मोरॅटोरियम (हप्ते सुरू व्हायच्या आधीची सवलतीची मुदत) आहे म्हणून निवांत राहू नका, व्याज तेव्हापण चढतच असतं, निदान तेवढं तरी दरमहा भरा

---

हे आधी कळलं असतं तर!! आम्ही सोनं ठेवून फी भरली, प्रायव्हेट कॉलेज होतं. पाटल्या सुटल्या, तोडे अजून बँकेत. आईचे आहेत

---

सुटतील गं. आमचेपण सुटले, नवरा कन्सल्टंट झाल्यावर दुसऱ्या वर्षी. पोर लहान असेल तर आईला बोलवून घे, लाजू नकोस, मी उगाच एकटीने ओढणाऱ्या खूप जणी बघितल्यात

---

मिस्टरांचं एमडी संपतंय, आता बॉंडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं एक वर्ष. फॅमिली क्वार्टर मिळतं का? इथलं घर सोडू का?

---

पोस्टिंगची ऑर्डर हातात येईपर्यंत भाड्याचं घर अजिबात सोडू नका. क्वार्टर मिळालं तरी आधी जाऊन पाणी बघून या, मग मुलांचे दाखले काढा