मदत हवी आहे: हातीचोकचे कंद ठाण्यात लागतील का?

नमस्कार मंडळी. बाबांना मधुमेह आहे, म्हणून हातीचोक, म्हणजे जेरुसलेम आर्टिचोकबद्दल वाचतेय. सूर्यफुलाचंच भावंड, मूळ उत्तर अमेरिकेतलं. कंदात स्टार्चऐवजी मुख्यतः इन्युलिन (इन्सुलिन नव्हे, एक तंतुमय पदार्थ) असतं. ते लहान आतड्यात पचत नाही, म्हणून रक्तातली साखर फारशी वाढवत नाही; मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात. म्हणून एकदम जास्त खाल्लं तर पोट फुगतं.

ओळखीतून चार कंद मिळालेत. आल्यासारखे गाठाळ, साल इतकी पातळ की ओट्यावर दोन दिवसांत सुरकुतले! आता ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवलेत. सुप्तावस्था मोडायला, म्हणजे कंदाला कोंब फुटायला, थंडी लागते, ती आपल्याकडे कुठून आणायची?

ठाणे-नवी मुंबईत कुणी लावलंय का? फ्रिजमध्ये किती आठवडे ठेवलेत? पावसात कुंडीतले कंद कुजतात का? दापोलीच्या कृषी विद्यापीठात कुणाची ओळख असेल तर प्लीज कळवा.